भाग सव्वीस आला, तरी साडी नेसून होईना

टायपिंगच्या दुकानात माणसं काय काय विसरून जातात! आधार कार्ड, चष्मा, छत्री. एक जण तर सासूलाच बाकावर विसरून गाडी पकडून गेला होता. वस्तू न्यायला लोक परत येतात, सासूही नेली एकदाची. पण किस्से कोणी परत नेत नाही. ते दुकानात साचत राहतात, आणि कधीतरी झाडून काढावे लागतात.

माझं दुकान सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, सगळं करते. पण आजचे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. ती गोष्ट मोबाइलच्या एका ॲपवर भागाभागानं यायची, वर 'फक्त प्रौढांसाठी' अशी लाल पट्टी. एका पुरुषाची हळूहळू बाई होते अशी ती चावट मालिका. नाव 'वसंताची वासंती', लेखिकेचं नाव 'रजनी'.

ही रजनी म्हणजे वीज खात्यातले आमचे लाइनमन विलासभाऊ. मिशी एवढी, की हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते!

*

विलासभाऊंची नोकरी एटापल्लीकडच्या जंगलात, घर सिंदेवाहीत. सुटी मिळाली की येतात. एकदा दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "ताई, एक खाजगी टायपिंग हाय. माह्या बोटायले तारेची सवय, कीबोर्डाची नाई."

मला वाटलं, भावाभावांच्या वाटणीचं असेल. मी शपथपत्राचा नमुना उघडला. विलासभाऊ खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "लिहा. वसंतानं आरशात पाह्यलं अन् त्याच्या अंगावर काटा आला."

मी नमुना बंद केला.

गोष्ट अशी. वसंता कुरखेड्याकडचा धानाचा शेतकरी. बायको आहे, तिचं नाव लता. तो मळणीयंत्र पाहायला नागपूरला एका कंपनीत जातो. कंपनीची मॅडम त्याला पाहताक्षणी ठरवते, की ह्याची बाई करायची. का ठरवते? ते विचारायचं नाही. दहा वाजता त्याची मिशी काढली. जेवायच्या आधी साडी नेसवली. चार वाजता केस कमरेपर्यंत!

"विलासभाऊ, सकाळी ह्याला टक्कल होतं ना?"

"होतं."

"मग केस कुठून आले?"

"मॅडमनं तेल लावलं ना जी!"

"कोणतं तेल? मलाही सांगा."

विलासभाऊ हसले नाहीत. टायपिंग झालं, भाग ॲपवर चढला, तरी ते दारात घुटमळत उभे. मग म्हणाले, "ताई, एक गोष्ट पोटात ठेवजा. कल्पनाले समजलं त मी संपलो."

कल्पना म्हणजे त्यांची बायको. गोरीगोमटी, कमी बोलणारी, बचत गटाची अध्यक्ष. मी वचन दिलं. दुकानाच्या भिंती पत्र्याच्या आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

*

दुसऱ्या भागात वसंता नऊवारी नेसला. एका वाक्यात. 'दोन मिनिटांत ती नऊवारी नेसून तयार झाली.' मी हे वाक्य वाचून दाखवलं, तर पत्र्यापलीकडून ओरडा आला, "खोटं!"

पलीकडे धर्माभाऊंचा पानठेला. धर्माभाऊ सत्तरीचे. एके काळी दंडारीतली नावाजलेली बाई! दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गावोगावचं लोकनाट्य, आणि त्यात बायकांची कामं पुरुषच करायचे. दंडार सुटली पण धर्माभाऊंचा तोरा सुटला नाही. अजूनही चालतात ते डोक्यावर घागर असल्यासारखे. आणि बोलायला लागले की सुरुवात ठरलेली, "मी बाई होतो तवा..." नवीन गिऱ्हाईक चुना हातात घेऊन तसंच उभं राहतं.

धर्माभाऊ पान टाकून आत आले. "दोन मिन्टात नऊवारी? मी बाई होतो तवा मले नेसवाले दोन माणसं लागत. एक ओढे, एक खोचे. अन् हा गडी पहिल्याच दिवशी एकटा नेसते?"

विलासभाऊंचा चेहरा पांढरा पडला. आता हे गावभर होणार!

"घाबरू नोको," धर्माभाऊ म्हणाले. "बाई होतो मी. पोटातलं पोटात ठेवता येते मले. पण खोटं खपवून घेनार नाई."

त्या दिवसापासून ते आमचे सल्लागार झाले. कोणी नेमलं नव्हतं. पत्र्यापलीकडून ऐकायचे आणि पटलं नाही की पानाच्या अडकित्त्यानं पत्रा वाजवायचे. एका भागात वासंती उंच टाचांची चप्पल घालून मुरमाच्या रस्त्यावरून पळाली, तेव्हा पत्रा इतका वाजला की समोरच्या सलूनवाल्याला वाटलं, आमच्याकडे वेल्डिंग चाललं आहे!

*

धर्माभाऊंचा सल्ला विलासभाऊंनी फारच मनावर घेतला. आधी गोष्ट एक्सप्रेस होती, आता बैलगाडी झाली. वसंताचं नेसणं पुन्हा पहिल्यापासून सुरू, सगळं नीट, सविस्तर, पटेल असं. एक पूर्ण भाग परकराच्या नाडीवर. पुढचा भाग त्या नाडीच्या गाठीवर. त्याच्या पुढच्या भागात गाठ सुटली, पण ती चुकीची होती म्हणून परत बांधली.

ज्या कामासाठी वाचक त्या लाल पट्टीखाली येतात, ते काम राहिलं बाजूला. मॅडम जवळ येते, श्वास वाढतात, आणि विलासभाऊ सांगतात की परकराचा रंग मोतिया होता. पिवळ्याकडे झुकणारा मोतिया. मी टाइप करते, काय करणार!

सव्विसावा भाग आला तरी साडी नेसून होईना. एका वाचकानं खाली लिहिलं, 'मॅडम, आम्ही इथे शिवणकाम शिकायला आलो नाही.'

विलासभाऊंना हे वाचून वाईट वाटलं. धर्माभाऊ मात्र खूश. "घाई करनाऱ्यायनं दुसरी गोष्ट वाचावी. साडी हाय ते, लुंगी नोहे!"

*

विलासभाऊ एटापल्लीकडे असले की भाग व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. पण तिकडे जमिनीवर रेंज नाही. रेंज येते ती खांबावर चढल्यावर. म्हणून लाइनचं शटडाउन घेऊन दुरुस्तीला वर चढले, की काम उरकायचं आणि तिथंच पट्ट्याला टेकून वासंतीचा पुढचा भाग बोलायचा, अशी त्यांची पद्धत. अख्ख्या महाराष्ट्रात चावट साहित्य इतक्या उंचीवरून कोणी लिहीत नसेल!

एकदा पाऊस लागला, शटडाउन मिळेना, भाग येईना. वसंता परकर हातात घेऊन आरशासमोर उभा होता तो उभाच राहिला. तीन आठवडे! मला वाटलं, वाचक शिव्या देतील. तर खाली काय लिहिलेलं? 'केवढी ही घालमेल!' 'लेखिकेला मनाचा तळ कळतो.' एकीनं तर लिहिलं, 'हे थांबणंच खरं लेखन.'

थांबणं म्हणे! शटडाउन मिळालं नव्हतं.

पाऊस उघडला तसा भाग आला. वाऱ्याचा आवाज, मध्येच पोपटांचा थवा, आणि विलासभाऊ कुजबुजतात, "मॅडमचा हात वासंतीच्या कंबरेवर आला. वासंतीचा श्वास अडकला..." तेवढ्यात खालून कोणी म्हातारा ओरडतो, "लाइट कवा येते जी?" विलासभाऊ म्हणतात, "येते येते, थांबा जरासाक." आणि पुन्हा कुजबुज, "तिचे ओठ थरथरले..."

दुकानात गर्दी होती. मी कानात वायर घालून ऐकत गेले, टाइप करत गेले, आणि तो सगळा संवाद जसाच्या तसा भागात गेला. 'लाइट कवा येते जी?' असं मॅडमच वासंतीला विचारते आहे, असा त्याचा अर्थ झाला.

दुसऱ्या दिवशी वाचकांच्या उड्या. 'आतापर्यंतचा सर्वांत खरा संवाद!'

*

मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकायची ती मॅडम. एवढ्या मोठ्या कंपनीची मालकीण, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिचं काम एकच. वसंताच्या निऱ्या! मी विचारलं, "विलासभाऊ, ह्या बाईची कंपनी चालवतं कोण?"

ते विचारात पडले. पुढच्या भागात मॅडमनं एका हातानं निऱ्या धरल्या आणि दुसऱ्या हातानं फोनवर जपानला मळणीयंत्रं विकली.

पत्रा वाजला नाही. मी डोकावून पाहिलं तर धर्माभाऊ डोक्याला हात लावून बसले होते.

*

आता खरा गोंधळ ऐका.

आमचे वाचक झाडीतले. पुरुषाची बाई झाली, चाललं. मॅडमनं डांबून ठेवलं, चाललं. एका तेलानं केस कमरेपर्यंत आले, तेही चाललं. पण श्रावण लागला आणि ॲपवर आगडोंब उसळला. कारण? वसंता नागपुरात परकर नेसून बसला होता, आणि इकडे त्याच्या बांधीत रोवणा कोणी केला नव्हता!

रोवणा म्हणजे धानाची लावणी. चिखल करायचा, परे, म्हणजे रोपं, उपटायचे, बांधीत लावायचे. पावसाची वाट पाहून दिवस धरावा लागतो, गेला तर वर्ष गेलं. विलासभाऊंनी पूर्ण आषाढ खर्च केला पदरावर.

खाली वाचकांनी लिहायला सुरुवात केली. 'परे किती दिवसांचे झाले?' 'ह्या दिवसात कोणता शेतकरी घर सोडते?' 'बाई झाला त हरकत नाई, पण रोवणा कोण करून राह्यला ते सांगा.' नागभीडकडचा एक माणूस रोज एकच ओळ लिहायचा, 'परे पिवळे पडले असतीन.' मॅडमनं वासंतीला मिठी मारली, खाली 'परे पिवळे पडले असतीन.' वासंती लाजली, खाली 'परे पिवळे पडले असतीन.' मालिकेतला सगळा रंग त्या एका माणसानं उतरवून टाकला!

विलासभाऊंनी घाईनं दुरुस्ती केली. वसंता लुगडं नेसून, तोंडावर पदर घेऊन, गावात परत आला आणि स्वतःच्याच शेतात बायांच्या गुत्त्यात, ठेक्यावरच्या टोळीत, रोवायला लागला. कोणी ओळखलं नाही. दिवसभर सगळ्यांच्या बरोबरीनं रोवला.

सात मिनिटांत पहिली कमेंट. 'पुरुष माणूस पहिल्याच दिवशी बायांच्या बरोबरीनं रोवला? काहीही लिहितात!'

*

'कोणी ओळखलं नाही' हे मलाही पटेना. आमच्याकडे कोण आलं ते मोटरसायकलच्या आवाजावरून तीन घरं आधी कळतं. गावात नवीन बाई चिखलात उतरली आणि बायांनी तिचं माहेर विचारलं नाही, हे कसं होईल?

धर्माभाऊ म्हणाले, "होते. मी बाई होतो तवाची गोष्ट सांगतो. मंडईत दंडार होती. मी हिरवं लुगडं नेसून राह्यलो, नाकात नथ, डोळ्यात काजळ. पहिल्या रांगेत माहा सासरा. त्यायले म्हाईतच नोतं का जावई दंडारीत हाय. मी ठुमका मारला अन् म्हाताऱ्यानं शिट्टी वाजवली!"

"मग?"

"मग काय? माहा पार्ट संपला, अन् म्हातारा मांडवामागं आला. म्हने, कोण्या गावची व तू? मी म्हनलो, तुमच्याच घरची."

आम्ही पोट धरून हसलो. विलासभाऊंनी तो प्रसंग जसाच्या तसा मालिकेत घातला, वसंताच्या सासऱ्याच्या नावानं. मला वाटलं, आता एक तरी खरी गोष्ट आली.

वाचकांनी झोडपून काढलं. 'अतिशयोक्तीला काही सीमा असते.' 'सासरा जावयाला ओळखत नाही? हास्यास्पद.' 'लेखिकेनं कधी सासर पाहिलेलं दिसत नाही.'

धर्माभाऊंनी दोन दिवस ठेला उघडला नाही. तिसऱ्या दिवशी आले ते तणतणतच, "माह्या जिंदगीले अतिशयोक्ती म्हंते!"

*

आणि मग तो दिवस. दुकानात गटाच्या ठरावाच्या झेरॉक्स काढायला कल्पना आली होती. माझा फोन टेबलावर. एटापल्लीचा आवाजी मेसेज आला. मी तिच्याशी बोलता बोलता सवयीनं बोट लावलं. स्पीकर चालू!

"वासंतीनं पदर हळूच खांद्यावर घेतला," विलासभाऊंचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. "त्या मऊ कापडाचा स्पर्श झाला, अन् तिले वाटलं, आता कुठी आपन घरी आलो..."

मी फोनवर झडपच घातली. बंद करायच्या नादात आवाज आणखी वाढला. शेवटी फोन खुर्चीवर ठेवून त्याच्यावरच बसले. आता बसायच्या जागेखालून विलासभाऊ बोलतायत!

कल्पना झेरॉक्सचे कागद टोकाला टोक लावून जुळवत होती. वर पाहिलंच नाही. म्हणाली, "सर्दी झाली वाटते त्यायले."

"कोणाला?" मी विचारलं.

"ज्यायचा कोनाचा आवाज हाय त्यायले," ती म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

मी विलासभाऊंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते अजून कळत नाही. माणूस खांबावर असतो, वर त्याच्या काळजाला धक्का कशाला?

*

वाचकांचं एक बरं असतं. शेत, सासरा, चप्पल, सगळ्यावरून भांडून झालं की शेवटी ते नेमक्या ठिकाणी बोट ठेवतात. आता सगळ्यांचा एकच प्रश्न होता. 'ह्याची बायको आंधळी आहे का?'

रोवण्यानंतर वसंता मालिकेत घरीच राहिला होता आणि लताचे कपडे चोरून नेसत होता. लता चहा घेऊन यायची, कप ठेवायची, जायची. तिच्या ब्लाउजच्या शिवणी उसवल्या, कुंकवाची डबी अर्धी झाली, पलंगाखाली बांगडीची काच सापडली, तरी ही चहाच ठेवते आहे! सुटीत विलासभाऊ आले तेव्हा मी म्हटलं, "हे नाही पटत. अहो, साडीची घडी दुसऱ्या कोणी घातली तरी कपाट उघडल्याबरोबर बाईला कळतं."

"नाई कळत," विलासभाऊ म्हणाले.

"कळतं हो."

"नाई कळत म्हनलं ना मी! लताले नाई कळत. लिहा तुमी!"

विलासभाऊ कधी आवाज चढवत नाहीत. पत्रा वाजला नाही, धर्माभाऊ स्वतःच उठून दारात आले.

विलासभाऊ खाली पाहत बोलले. "कळलं त काय होईन, ते लिहिता येत नाई मले. चारदा बोललो, चारदा पुसलं. एकदा लता बेहोश पडली. एकदा तिनं लोकं जमवले. एकदा माहेरी गेली. ताई, मी मिशी ठेवतो, खांबावर चढतो, माणसाचं सारं करतो. कोनतं काम टाळलं नाई. पण दिवसातून अर्धा घंटा मले वसंता व्हावं वाटत नाई. ते कोनाले सांगू?"

मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस मी त्या परकराच्या रंगाला हसत होते, आणि तो रंग त्यांनी किती लक्ष देऊन पाहिला असेल हे आता कळत होतं.

धर्माभाऊ म्हणाले, "मी नेसलो त लोकायनं टाळ्या वाजवल्या, विलास. तुले मांडव नाई भेटला. बाकी काई फरक नाई." आणि 'मी बाई होतो तवा' न म्हणता परत गेले.

विलासभाऊ उठले. "पुढच्या भागात लता धरते त्याले, अन् माहेरी जाते. मंग संपवतो. तिकडून पाठवतो बोलून." जाताना म्हणाले, "मालिका बी संपवतो अन् कपाटालेही हात लावत नाई आता."

*

ते एटापल्लीला गेले आणि शेवटच्या भागाची मी वाट पाहत होते. त्याच्या आधी कल्पना आली.

भरदुपारची वेळ, दुकानात कोणी नाही. बाकावर नीट बसली, पिशवी मांडीवर ठेवली. म्हणाली, "ताई, टायपिंग करून द्या. वसंताची वासंती. पुढचा भाग."

"कोणती वासंती?" मी म्हटलं.

"राहू द्या ताई. तुमाले नाटक जमत नाई."

पलीकडे अडकित्ता थांबला. मी कीबोर्ड ओढला.

"लिहा," कल्पना म्हणाली. "लता शेतातून लवकर घरी आली. दार आतून लावलं होतं. तिनं हाक नाई मारली. पायरीवर बसली."

मी विचारलं, "का बसली?"

"नेसून होऊ द्या लागते ना. अर्ध्यात हाक मारली त मानूस घाबरते."

मी टाइप केलं. बाहेर गडचिरोलीची बस लागली, कंडक्टर ओरडत होता, तो जाईपर्यंत ती थांबली. मग पुढे बोलली. एक एक शब्द, गटाचा ठराव सांगावा तसा.

"मंग तिनं दारातूनच आवाज दिला. म्हनली, अहो, ते हिरवी सिल्कची हाय, घसरते. पहिल्यांदा सुती नेसा लागते. खालच्या खणात ठेवली हाय, मोतिया रंगाची. दिवाळीतच घेऊन ठेवली होती तुमच्यासाठी. तुमी काढत नोते, मी सांगत नोती."

माझी बोटं थांबली. तिनं वाट पाहिली. मी लिहिलं.

"म्हनली, निऱ्या जमत नसतीन त कडी काढा. मी आत येऊन पाडून देते. घाई नाई."

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं कडी वाजली. बस."

धर्माभाऊ केव्हाचे दारात उभे होते. डोळे पुसून झाल्यावर त्यांना आपलं काम आठवलं. "बाई, सारं बरोबर हाय. पण हे वाचकायले पटन काय?"

कल्पना पिशवी घेऊन उठली. "वाचकायले कोन पाठवते?" ती म्हणाली. "एटापल्लीले हायेत, त्यायले पाठवा."